पायांपासून सुरुवात

जुना प्रोसेसर ‘दुरुस्त’ करायचा म्हणजे नेमके काय करायचे, असे नवख्याने विचारले की जाणकारही चाचरतो. चिपच्या आत कोणाचाच हात पोहोचत नाही. १९७१च्या इंटेल ४००४ मध्ये सुमारे २३०० ट्रान्झिस्टर आहेत. त्यांतला एक जरी गेला तरी तो बदलता येत नाही. आपल्या हाती उरतात ते फक्त पाय.

पण पायांना कमी लेखू नका. ४८६ला १६८ पाय असतात आणि भंगारच्या पोत्यातून आलेल्या चिपचे बरेचसे आडवे झालेले असतात. शिसे काढलेली पेन-पेन्सिल पायावर टोपीसारखी बसवावी आणि तो अगदी सावकाश, एकाच दिशेने उभा करावा. मागेपुढे हलवला की तुटलाच. तुटलाच तर एखाद्या मेलेल्या चिपचा पाय त्या जागी सोल्डर करतात. बारीक काम आहे, पण जमते. पाय काळे पडले असतील तर चिप कशात ठेवली होती ते आधी विचारा. जुना काळा फोम कालांतराने चुरा होतो आणि पाय खातो. हे पाप माझ्या हातूनही घडले आहे.

या छंदाची खरी गोडी मात्र वाचनात आहे. अंगावरचे ८७१२ म्हणजे बहुधा १९८७ सालातला बारावा आठवडा. ३८६च्या सुरुवातीच्या काही चिप ३२ बिटांचा गुणाकार चुकत. तेव्हा तपासणीत उतरलेल्यांवर इंटेलने दोन सिग्मा छापले आणि नापासांवर ‘फक्त १६ बिट सॉफ्टवेअरसाठी’ अशा अर्थाचा शिक्का मारला. आज संग्राहक हौसेने शोधतो तो नापासाचा शिक्का! ४००४च्या सिलिकॉनवर फेदेरिको फाजिन यांनी आपली आद्याक्षरे कोरून ठेवली आहेत, पण ती झाकणाखाली. पाहायची तर झाकण उघडा आणि किंमत घालवा. अंगावरचा मजकूर खोटाही असतो. पृष्ठभाग घासून, काळा थर देऊन नवे नाव छापतात. ॲसिटोनचा बोळा फिरवला की पुष्कळदा सोंग उतरते.

आपल्याकडच्या वाचकाने ट्रान्सप्युटरवरही नजर ठेवावी. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१चा ‘परम ८०००’ इनमॉस कंपनीच्या या चिपवरच चालत असे.

सुरुवातीलाच ४००४च्या मागे लागू नका, खिसा रिकामा होईल. १९७६ साली आलेला झिलॉगचा झेड८० घ्या, शक्यतो नंतरचा सीमॉस जातीचा. डेटाच्या आठही तारा ग्राउंडला जोडल्या की त्याला प्रत्येक वेळी ‘काही करू नकोस’ हीच आज्ञा मिळते आणि तो निमूटपणे पुढच्या पत्त्यावर जातो. बाकीच्या जोडण्या पहिल्या प्रकरणात दिल्या आहेत. घड्याळाचा वेग अगदी कमी ठेवा आणि पत्त्याच्या तारांवर एलईडी लावा. तो मोजू लागलेला दिसेल.