तळटीप : खोलवर शोधाची रीत

* ग्रंथकाराने येथे ‘डेप्थ-फर्स्ट सर्च’ ऊर्फ खोलवर शोधाचा उल्लेख ओझरताच केला आहे. परंतु पुढील विवेचनाची सारी भिस्त या रीतीवर असल्याने तिचा तपशील देणे अवश्य वाटते. हाती असलेल्या बिंदूपासून अद्याप न चोखाळलेल्या एखाद्या रेषेने पुढे जावे, नव्या बिंदूवर पोहोचताच त्याची नोंद करून तेथूनही तसेच पुढे सरकावे, आणि नवा बिंदू उरला नाही म्हणजे आल्या वाटेने एकच टप्पा मागे यावे, एवढाच तिचा दंडक. ‘क’ आणि ‘घ’ हे दोन्ही ‘ख’ व ‘ग’ यांस जोडलेले असतील, तर क, ख, घ, ग असा क्रम लागतो. ‘ग’पासून ‘क’कडे जाणारी रेषा मात्र आधीच नोंदलेल्या बिंदूकडे वळते, आणि आलेखात चक्र असल्याचा तोच निर्विवाद दाखला होय. भूलभुलैया उलगडण्याची त्रेमो या फ्रेंच गृहस्थाची युक्ती, जी एदुआर ल्यूका यांनी १८८२ साली ग्रंथनिविष्ट केली, ती तत्त्वतः हीच; तथापि रीतीचे खरे सामर्थ्य रॉबर्ट टार्जन यांच्या १९७२ च्या निबंधानेच प्रकट झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिशायुक्त आलेखातील परस्परगम्य बिंदूंचे समूह अशा एकाच फेरीत, बिंदू व रेषा यांच्या बेरजेच्या प्रमाणातील वेळात, हाती येतात हे त्यांनी सिद्ध केले. वाचकांनी एवढे मात्र ध्यानी ठेवावे की, या रीतीने सापडलेली वाट सर्वांत जवळची असेलच असे नाही : वरील उदाहरणात ‘ग’ हा ‘क’चा लगतचा शेजारी असूनही तीन रेषा ओलांडल्यावरच गाठला जातो. — संपादक