खानदेशांतील घरांचीं मुदतखरेदीपत्रें

खानदेशांतील जुनीं दप्तरें चाळतांना पेशवाईचा एखादा महजर हातीं लागला कीं संग्राहक हर्षित होतो. त्याखालचें स्टांपाच्या कागदांचें पुडकें मात्र तसेंच रद्दींत जातें. धुळें व जळगांव येथील घरांचीं गहाणखतें आणि खरेदीखतें बहुधा याच मार्गानें नष्ट होतात. हे कागद सोपे वाटतात, म्हणूनच ते चुकीचे वाचले जातात. वर 'खरेदीखत' असें दिसलें कीं घर विकलें गेलें, अशी नोंद करून आपण मोकळे होतों.

मूळ चाल गहाण-लहाणाची. मुदतींत पैसा न फिटल्यास गहाण तेंच खरेदी समजावें, अशी अट दस्तांत घालीत. मुदतबंद आधि मुदत टळतांच बुडतो, परंतु ज्याचें उत्पन्न धनको खातो तो बुडत नाहीं, असा भेद याज्ञवल्क्यानें केला आहे; या अटीचें बीज मला तेथेंच दिसतें. १८६४ सालीं मुंबई हायकोर्टानें रामजी विरुद्ध चिंतो या दाव्यांत, मुदत टळल्यावरही ऋणकोचा मालमत्ता सोडविण्याचा हक्क उरतो, असें ठरविलें. हा विचार विलायती न्यायाचा, आमच्या शास्त्राचा नव्हे. तथापि ऋणकोस तारक झाला तो हाच. यावर तोड म्हणून 'गहाण' हा शब्दच कागदांतून गळूं लागला.

१९०८ च्या दिवाणी कायद्याप्रमाणें जप्तीची दवंडी पिटावयाची व हुकुमाची प्रत घरावर ठळक जागीं आणि कोर्टांत चिकटवावयाची असते. त्यामुळें कोणाचें घर जाणार हें साऱ्या पेठेस एकाच दिवशीं कळे. मग बोली घेऊन येणारे येत. लिलावांत घर मातीमोल जाईल. त्यापेक्षां खासगी खरेदी करून द्या, डिक्री आम्ही फेडतों, तुम्ही भाड्यानें राहा, पैसा आणाल त्या दिवशीं घर परत, असा त्या बोलीचा मासला. तिचें चिन्ह म्हणजे एकाच तारखेचे तीन कागद: खरेदीखत, परत देण्याचा करार, आणि विकणाऱ्यानेंच लिहून दिलेली भाडेचिठ्ठी. भाड्याचा आंकडा रकमेच्या व्याजाशीं ताडून पाहावा. जुळला तर तें भाडें नव्हे.

खासगी विक्रीस कायद्यानेंही वाट ठेविली होती. साध्या पैशाच्या डिक्रींत ऋणकोनें मागणी केल्यास कोर्ट लिलाव पुढें ढकलून तसा दाखला देऊं शके. रक्कम मात्र कोर्टांत भरावी लागे. दाखल्यावांचून जप्तीनंतर केलेली खरेदी जप्तीदाराच्या मागणीपुढें टिकत नसे. लिलाव झाल्यावरही तीस दिवसांत जाहीरनाम्यांतील रक्कम व खरेदीदारास किंमतीच्या शेंकडा पांच भरल्यास लिलाव रद्द करितां येई. ही शेवटची सोय बोली आणणाऱ्यानें घरधन्यास सांगितली असेल, असें मला वाटत नाहीं. म्हणून दस्ताची तारीख जप्तीच्या तारखेशीं जोडूनच वाचावी.

शेतकऱ्यांची गोष्ट निराळी. १८७५ च्या दंग्यानंतर १८७९ सालीं जो दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला, तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांपुरता होता. १९०५ सालीं तो सर्व इलाख्यास लागू झाला. त्यानें कोर्टास कागदामागील खरा व्यवहार तपासतां येऊं लागला. पेठेंतल्या बिगर-शेतकरी घरधन्यास त्याचा उपयोग नव्हता. शिवाय १९२९ च्या दुरुस्तीनें, परत देण्याची अट त्याच दस्तांत असल्यावांचून व्यवहार गहाण मानूं नये, असें ठरलें व तें १ एप्रिल १९३० पासून अमलांत आलें. सबब १९२५ चे व १९३५ चे तेच तीन कागद एकाच मापानें मोजतां येत नाहींत.

दवंडीची जागा आतां पुष्कळ अंशीं वर्तमानपत्रानें घेतली आहे. २००२ च्या कायद्यान्वयें बँका साठ दिवसांच्या नोटिशीनंतर, दावा न लावतां, तारण घराचा ताबा घेऊं शकतात, आणि ताब्याची नोटीस मराठी पत्रांत छापून येते. ती वाचून बोली घेऊन येणारा मनुष्य नवा नाहीं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानें, दिसावयास विक्री पण मूळ हेतु सावकारी कर्जाचें तारण, अशा दस्ताची चौकशी करून मालमत्ता परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिला आहे. त्या चौकशींत खरेदीखताइतकीच भाडेचिठ्ठी बोलकी ठरते. आमच्या संग्रहांत मात्र तीं दोन निरनिराळ्या पुडक्यांत बांधलेलीं असतात.