शिंप्याची कात्री आणि रेणूचे कापड : वऱ्हाडापासून पुण्यापर्यंत एका गणिती रसायनाची कथा

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. खरे म्हणजे तो दुसऱ्यांदा अस्तित्वात आला. इंग्रजी अमलातील वऱ्हाडात वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होताच. १९०५ साली तो मोडून अकोल्यात विलीन करण्यात आला आणि मग त्र्याण्णव वर्षे त्याला तालुक्याच्या दर्जावर समाधान मानावे लागले. वाकाटकांचे वत्सगुल्म आणि विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट हे विषय वाशीमच्या इतिहासप्रेमींना पाठ असतात. आजचा विषय त्याहून बराच अलीकडचा आहे, आणि आरंभी तरी तो वाशीमशी संबंधित वाटणार नाही.

त्याच १९९८ सालच्या ऑक्टोबरात रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांना जाहीर झाले. परीक्षानळी हाती न घेता, केवळ समीकरणे सोडवून रेणूचे गुणधर्म सांगणाऱ्या शास्त्राला मिळालेली ती राजमान्यता होती. त्या शास्त्राचे नाव संगणकीय रसायनशास्त्र. महाराष्ट्रात त्याचे घर कोठे होते, असे विचारले तर पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाकडे बोट दाखवावे लागते, आणि त्या घराचे कर्ते म्हणजे प्रा. श्रीधर रामचंद्र गद्रे.

प्रथम अडचण समजून घेऊ. वाशीम जिल्ह्यात सोयाबीन-तुरीच्या जोडीने हळदही पिकते. हळदीला पिवळेपणा देणारा कुरकुमिन हा रेणू ४७ अणूंचा आहे : कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६. त्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या भरते १९४. प्रत्येक इलेक्ट्रॉन इतर सर्व इलेक्ट्रॉनांना दूर लोटतो आणि सर्व अणुकेंद्रांकडे ओढला जातो. हा सारा व्यवहार श्र्योडिंगरच्या समीकरणात बसतो, परंतु ते समीकरण एकाहून अधिक इलेक्ट्रॉनांसाठी काटेकोरपणे सुटत नाही. म्हणून सन्निकट पद्धती योजाव्या लागतात, आणि त्यांची किंमत भयंकर असते. हार्ट्री-फॉक या प्राथमिक पद्धतीत रेणू दुप्पट झाला की काम ढोबळमानाने सोळापट होते. अधिक अचूक अशा एका पद्धतीत तेच १२८ पट होते. हिशेब सरळ आहे : मोठ्या रेणूला मोठे यंत्र लागते.

आणि मोठे यंत्र भारताजवळ नव्हते. १९८० च्या दशकात अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळवण्याचा प्रयत्न झाला. दीर्घ वाटाघाटींनंतर हवामान अंदाजासाठी एक यंत्र मिळाले, तेही मागणीपेक्षा कमी ताकदीचे आणि अटींनी जखडलेले. यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिचे नेतृत्व विजय भटकर यांच्याकडे आले. भटकर मूळचे मुरंबा या गावचे. गाव मूर्तिजापूर तालुक्यातले, जिल्हा अकोला. त्यांचा जन्म १९४६ चा, म्हणजे त्या वेळी वाशीम आणि मुरंबा एकाच जिल्ह्यात होते. मूर्तिजापूरहून कारंज्याकडे जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अंतर किती थोडे आहे ते सांगावे लागणार नाही.

१९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्याची कल्पना आज नित्याची वाटते, तेव्हा ती नवी होती : एकच महाबलाढ्य संगणक बांधण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे पुष्कळसे लहान प्रक्रियक एकमेकांना जोडायचे आणि काम वाटून द्यायचे. परंतु यंत्र बांधले म्हणजे काम झाले असे नव्हे. एका प्रक्रियकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम चौसष्ट प्रक्रियकांवर आपोआप चालत नाही. कोणते काम कोणाला द्यायचे, कोण कोणाची वाट पाहत बसेल, निकाल कोठे गोळा करायचा, हे सारे नव्याने रचावे लागते. वर्तमानपत्रांनी यंत्राचे पोवाडे गायले. त्या यंत्रावर खरोखरीचे शास्त्र चालवून दाखवणाऱ्यांविषयी मात्र फारसे लिहिले गेले नाही, हे मला आजही खटकते.

त्या चालवून दाखवणाऱ्यांत गद्रे यांचा गट अग्रभागी होता. राजेंद्र शिरसाट, अजय लिमये आदी विद्यार्थ्यांसह त्यांनी समांतर संगणकांसाठी रेण्वीय गणनेचे प्रोग्रॅम मुळापासून लिहिले. ‘इंडमोल’ हे त्यांच्या प्रणालीचे नाव. १९९४ साली लिमये-गद्रे यांचा समांतर गणनेवरील निबंध ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’मध्ये आला. पुढे ‘युनिव्हिस-२०००’ ही रेणूंची चित्रे दाखवणारी प्रणालीही याच गटाने घडवली. विकत घेता येईल ते विकत घ्यावे, हा शहाणपणा असतो. परंतु आतले चाक कसे फिरते हे ज्याने स्वतः घडवले त्यालाच कळते, आणि या गटाची पुढची झेप त्या कळण्यातून आली.

गद्रे यांचे आरंभीचे काम मात्र यंत्राचे नव्हते, कागद-पेन्सिलीचे होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील रॉबर्ट पार हे घनता-फलन सिद्धान्ताचे एक आधारस्तंभ. पार, गद्रे आणि बार्टोलॉटी यांचा त्या विषयावरील निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे कोन यांच्या नोबेलच्या एकोणीस वर्षे आधी. १९८४-८५ च्या सुमारास गद्रे यांनी शॅनन यांच्या माहिती-सिद्धान्तातील एंट्रॉपीची कल्पना अणूंना लावून पाहिली. त्या विषयाचा विस्तार येथे करत नाही. एवढेच सांगतो की, संदेशवहनासाठी जन्मलेले माप अणूतील इलेक्ट्रॉनांच्या पसाऱ्यालाही लागू पडते, हे दाखवणाऱ्या आरंभीच्या लेखनात त्यांचे निबंध मोडतात.

खरी कीर्ती मिळाली ती स्थिरविद्युत विभवाच्या अभ्यासाने. कल्पना सोपी आहे. रेणूच्या आसपास एखाद्या बिंदूवर एकक धनभार आणून ठेवला, तर रेणू त्याला ओढील की ढकलील, आणि किती? अणुकेंद्रे ढकलतात, इलेक्ट्रॉनांचा ढग ओढतो, दोहोंची बेरीज म्हणजे त्या बिंदूचे विभव. असे सर्व बिंदू घेतले की एक भूगोल तयार होतो : कोठे शिखरे, कोठे दऱ्या, कोठे खिंडी. अणुकेंद्रांवर शिखरे असतात. दरी असेल तेथे धनभारित अभिकारकाला आमंत्रण असते. इटलीत बोनाकोर्सी, स्क्रोको आणि तोमासी यांनी १९७० मध्ये ही वाट पाडली होती. पुण्याच्या गटाने त्या भूगोलाचे रीतसर सर्वेक्षण केले.

त्या सर्वेक्षणाचा एक निष्कर्ष फार देखणा आहे. १९९० साली राजीव पाठक आणि गद्रे यांनी सिद्ध केले की, अणुकेंद्रे सोडून अन्यत्र कोठेही या विभवाचे शिखर असूच शकत नाही. कारण असे : कोणत्याही शिखरावर भूपृष्ठ सर्व दिशांना खाली झुकलेले असावे लागते, परंतु पॉयसाँच्या समीकरणानुसार अणुकेंद्राबाहेर या पृष्ठाच्या वक्रतांची बेरीज इलेक्ट्रॉन घनतेच्या प्रमाणात असते, आणि घनता कधी ऋण होत नाही. म्हणजे सर्व दिशांना खाली झुकणे निषिद्धच. इलेक्ट्रॉन घनतेला स्वतःला हा नियम लागू नाही. लिथियमच्या द्विअणू रेणूत दोन केंद्रांच्या मधोमध घनतेचे शिखर सापडते. पाठ्यपुस्तकात शंभर वर्षे टिकेल असे काही हवे असेल, तर ते या जातीचे असते.

१९९८ हे साल येथे तिसऱ्यांदा येते. चेरुमुट्टथु सुरेश आणि गद्रे यांनी त्या वर्षी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’त दाखवले की, बेंझिनच्या कड्याला जोडलेला गट त्या कड्याला इलेक्ट्रॉन देतो की त्याच्याकडून काढून घेतो, हे विभवाच्या दरीची खोली मोजून सांगता येते. हॅमेट यांनी १९३७ मध्ये हेच प्रयोगशाळेत, आम्लांच्या आयनीभवनावरून मोजले होते. साठ वर्षांचे प्रायोगिक आकडे आणि संगणकातील दऱ्या एकमेकांशी जुळल्या. प्रयोग करणाऱ्या रसायनज्ञाला ज्याचा उपयोग होतो ते हे.

आता कात्री. १९९४ मध्ये गद्रे, शिरसाट आणि लिमये यांनी एक पद्धत मांडली आणि तिला शिंपीकामाचे नाव दिले : ‘मॉलिक्युलर टेलरिंग’. मोठा रेणू एकदम सोडवता येत नाही ना, मग त्याचे तुकडे करा. मात्र तुकडे काटेकोर सीमेवर कापायचे नाहीत. चांगला शिंपी शिवणीसाठी माया सोडतो, तशी प्रत्येक तुकड्यात शेजारच्या भागाची माया राहू द्यायची. तुटलेल्या बंधांच्या टोकांवर हायड्रोजनचे अणू बसवायचे, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे सोडवायचा आणि मग शिवायचे. प्रारंभी इलेक्ट्रॉन घनता व विभव असे शिवले जाई. २००६ पर्यंत गणेश, डोंगरे, बालनारायण आणि गद्रे यांनी ऊर्जेपर्यंत मजल मारली. तेथे शाळेतील संचांचा नियम वापरला आहे : सर्व तुकड्यांच्या ऊर्जा मिळवा, जेथे दोन तुकडे एकमेकांवर आले ती ऊर्जा दोनदा मोजली गेली म्हणून वजा करा, जेथे तीन आले ती पुन्हा मिळवा. शिवाय तुकडे स्वतंत्र असल्याने ते निरनिराळ्या प्रक्रियकांवर एकाच वेळी सोडवता येतात. ‘परम’च्या घडणीशी हे किती जुळते ते वेगळे सांगायला नको.

टंचाईतून कल्पकता जन्मते, असा निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होतो. मला तो मान्य नाही. त्याच टंचाईत कितीतरी चांगली डोकी यंत्राची वाट पाहत थकली असतील, त्यांची नोंद कोणी ठेवलेली नाही. गद्रे यांना १९९३ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. पुढे ते आयआयटी कानपूरलाही गेले. पाण्याच्या रेणूंच्या मोठ्या पुंजक्यांवर या कात्रीने काम झाले आणि २०१४ मध्ये ‘केमिकल रिव्ह्यूज’मध्ये त्याचा आढावा आला. उद्धरणांची संख्या मोजणाऱ्यांनी ती खुशाल मोजावी.

शिंप्याच्या हत्याराचा सर्वांत अनपेक्षित उपयोग मात्र मूळ योजनेत नव्हता. दोन रेणूंमधील हायड्रोजन बंध किती बळकट आहे हे काढणे सोपे : जोडीची ऊर्जा काढा, सुट्यांची काढा, वजाबाकी करा. परंतु बंध एकाच रेणूच्या दोन अवयवांत असेल तर? सुटे कोणाला करणार? २००६ साली मिलिंद देशमुख, गद्रे आणि बार्टोलॉटी यांनी उत्तर दिले. एक तुकडा असा कापा की त्यात बंध देणारा गट नाही, दुसरा असा की त्यात घेणारा नाही, तिसरा असा की त्यात दोन्ही नाहीत. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा वजा केला की बंधाविना असलेल्या रेणूची ऊर्जा हाती येते. मूळ रेणूशी तिचा फरक म्हणजे बंधाचे बळ. पुढे साखरेच्या रेणूंतील असे बंध याच रीतीने एकेक करून मोजले गेले. हळदीच्या कुरकुमिनमध्येही मधोमध असाच एक बंध आहे, पण तेथे इलेक्ट्रॉन साऱ्या साखळीभर पसरलेले असल्यामुळे कात्री कोठे लावावी हा प्रश्न अधिक नाजूक होतो.