टपालाने येणारी सूट



2010 च्या उन्हाळ्यात थोरल्या नणंदेकडे न्यू जर्सीला गेले होते. एका दुपारी दोघी मिळून तिचं कपाट आवरत होतो, तेव्हा वरच्या फळीवरून मोबाईलची चार रिकामी खोकी निघाली. तीन खोक्यांच्या कडेला एकाच आकाराचं चौकोनी भोक. कात्रीने नीट कापलेलं.

"वन्सं, हे काय?" मी विचारलं.

"अगं, तो बारकोडचा तुकडा कापून टपालाने पाठवावा लागतो. मग पन्नास डॉलर परत येतात."

"आणि हे चौथं? याला तर भोकच नाही."

त्यांनी खोकं हातात घेऊन उलटसुलट केलं. "हे राहूनच गेलं बघ. त्या महिन्यात सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या. पाकीट भरून ठेवलं होतं, तिकीट लावायचं राहिलं."

पन्नास डॉलर म्हणजे त्या वेळचे सव्वादोन हजार रुपये. आपण भाजीवालीकडे दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो, आणि इथे एवढी रक्कम नुसत्या विसरण्यात गेली. नणंदबाई वेंधळ्या मुळीच नाहीत, घरातली प्रत्येक पावती जपून ठेवणाऱ्या आहेत. म्हणून मला उत्सुकता लागली, की सूट द्यायचीच आहे तर दुकानातच का देत नाहीत? हा कापाकापीचा आणि टपालाचा उपद्व्याप कोणी सुरू केला? त्या निमित्ताने जे वाचलं, समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढे मांडते.

तिकिटांपासून चेकपर्यंत

खरेदीनंतर काहीतरी परत द्यायचं ही अमेरिकेतली जुनी रीत. 1896 साली स्पेरी अँड हचिन्सन नावाची कंपनी सुरू झाली. दुकानदार तिच्याकडून हिरवी तिकिटं विकत घेत आणि गिऱ्हाईकाने जितक्याचा माल घेतला असेल त्या प्रमाणात तिकिटं देत. बायका ती घरी नेऊन वह्यांत चिकटवत. वह्या भरल्या की कंपनीच्या यादीतून इस्त्री, दिवा, ताटल्या असं काही मिळे. सूट होती, पण ती मिळवायला घरच्या बाईला महिनोन्‌महिने चिकटवाचिकटवी करावी लागे. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

पुढचा टप्पा बारकोडचा. 26 जून 1974 रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचं पाकीट बारकोडवरून मोजलं गेलं. दुकानात बारकोड वाचून झालेली ती पहिली विक्री. हिशेब सोपा व्हावा म्हणून आलेल्या या काळ्या रेघांचा पुढे आणखी एक उपयोग झाला. माल खरंच विकत घेतला याचा पुरावा म्हणून खोक्यावरचा अस्सल बारकोड कापून मागवता येऊ लागला.

आणि रोख पैसे परत देण्याची मोठी लाट आली ती जानेवारी 1975 मध्ये. 1973 च्या तेलटंचाईनंतर मोटारींचा खप बसला होता, न विकलेल्या गाड्या पडून होत्या. तेव्हा क्रायस्लर कंपनीने जाहीर केलं, की ठरावीक गाड्या घ्या, आम्ही तुम्हाला 200 ते 400 डॉलरचा चेक पाठवू. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनाही मागोमाग तेच करावं लागलं. गाडीची छापील किंमत कमी केली असती तर पुढे ती पुन्हा वाढवताना लोक ओरडले असते. चेक पाठवणं मात्र कधीही थांबवता येतं.

काउंटरवर का नाही?

आपल्यापैकी ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना हा भाग चटकन कळेल. कारखानदार माल व्यापाऱ्याला विकतो, गिऱ्हाईकाला नाही. त्याने व्यापाऱ्याला दर कमी लावला, तर व्यापारी तो फरक गिऱ्हाईकाला देईलच असं नाही, स्वतःच्या गल्ल्यातही ठेवेल. थेट गिऱ्हाईकाच्या घरी चेक पाठवला की मधला हात टळतो. शिवाय गिऱ्हाईकाचं नाव आणि पत्ता आपोआप कळतो. इथपर्यंत व्यवहार सरळ आहे.

खरी गोम पुढे आहे. जाहिरातीत सूट वजा करून किंमत छापायची, ती वाचून शंभर जण दुकानात येतात. शंभरही जण पूर्ण किंमत भरतात. मग त्यांतले काही जण अर्ज पाठवतच नाहीत. काहींचा अर्ज चुकतो. काहींचा चेक येतो, पण जाहिरातीचं पाकीट समजून ते कचऱ्यात टाकतात. न मागितलेल्या सुटीला त्या धंद्यात ब्रेकेज म्हणतात आणि न वटवलेल्या चेकांना स्लिपेज. समजा सूट 50 डॉलरची आहे आणि शंभरातल्या चाळीस जणांना ती मिळाली नाही. म्हणजे जाहिरात 5,000 डॉलरच्या सुटीची, आणि खिशातून गेले 3,000. हातोहात दिलेल्या सुटीत असं एक पैसाही उरत नाही. विसरण्यालाच नाव आहे, त्याचा आगाऊ अंदाज बांधला जातो, हे वाचून मला त्या चौथ्या खोक्याची आठवण झाली.

अर्ज तरी कसा असे? मूळ बारकोड हवा, झेरॉक्स चालणार नाही. पावतीची प्रत हवी. मोबाईल असेल तर त्याचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर हवा. ठरलेल्या मुदतीच्या आतला टपालाचा शिक्का हवा. मग सहा-आठ आठवडे वाट पाहायची. आणि एकदा बारकोड कापला की दुकानदार तो माल सहसा परत घेत नसे. म्हणजे फोन नीट चालतो की नाही याची खात्री होईपर्यंत थांबावं, तर मुदत निघून जाण्याची भीती. मुदत सांभाळावी, तर फोन परत करण्याचा हक्क जातो.

काही तक्रारी सरकारपर्यंत गेल्या. 2004 साली न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयापुढे सॅमसंगचं प्रकरण आलं. एका पत्त्यावर एकच रिबेट असा नियम होता आणि संगणक अपार्टमेंटचा नंबर धरतच नव्हता. एका इमारतीत एकाने रिबेट घेतली की बाकी सगळ्या बिऱ्हाडांचे अर्ज नामंजूर! अशा चार हजारांहून अधिक ग्राहकांचे पैसे द्यायला कंपनीने मान्यता दिली. परदेशात नव्याने गेलेली आपली मुलं बहुधा अशाच इमारतींत राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

त्याहून मोठी गंमत सायबररिबेट नावाच्या इंटरनेटवरच्या दुकानाची. 1998 मध्ये सुरू झालेल्या या दुकानात वस्तू नेहमीच्या भावाच्या कितीतरी पटीने महाग, पण अनेक वस्तूंवर शंभर टक्के रिबेट. म्हणजे सगळेच पैसे परत! पुरेसे लोक अर्ज विसरतील, हाच या धंद्याचा पाया. लोक विसरले नाहीत. मे 2001 मध्ये दुकानाने दिवाळं काढलं आणि गिऱ्हाइकांचे कोट्यवधी डॉलर अडकले. एरवी आपण म्हणतो, शिस्तीने वागलं की नुकसान होत नाही. इथे शिस्तीने अर्ज भरणाऱ्यांचंच झालं, कारण सूट मिळेपर्यंत ते दुकानदाराला बिनव्याजी उधार देऊन बसले होते.

एकच फोन, दोन काउंटर

मोबाईलच्या दुकानात ही पद्धत चांगलीच रुजली. तिथे फोन बहुतेक वेळा सेवा देणाऱ्या कंपनीकडूनच घेतला जाई. दोन वर्षं आमचीच सेवा वापरा असा करार, मधेच सोडलं तर दंड, आणि त्या बदल्यात फोन स्वस्त. नोव्हेंबर 2003 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तशी गिऱ्हाईक ओढण्याची चढाओढ वाढली आणि 'मेल-इन रिबेटनंतर फुकट' अशा पाट्या सर्रास दिसू लागल्या. 'नंतर' हा शब्द बारीक अक्षरात.

पुढे चेकही मागे पडला आणि त्याच्या जागी काही कंपन्या पैसे भरलेलं कार्ड पाठवू लागल्या. त्या कार्डालाही मुदत. चेक बँकेत भरला की पूर्ण रक्कम आपली. कार्डावर मात्र शेवटी दोन-तीन डॉलर उरतात, तेवढ्याची वस्तू मिळत नाही, आणि कार्ड पर्समध्ये पडून राहतं.

दोन पद्धतींतला फरक डोळ्यांनी पाहायचा तर 4 जून 2010 चं उदाहरण घ्या. त्या दिवशी स्प्रिंट कंपनीचा एचटीसी ईव्हो 4जी हा फोन बाजारात आला. दोन वर्षांच्या करारासह त्याची जाहीर किंमत 199.99 डॉलर होती. पण स्प्रिंटच्या स्वतःच्या दुकानात गल्ल्यावर 299.99 मोजायचे आणि 100 डॉलरसाठी अर्ज टपालाने पाठवायचा. तोच फोन, तोच करार, पण बेस्ट बायच्या दुकानात 199.99 दिले की काम झालं. कात्री नाही, पाकीट नाही, तिकीट नाही.

बेस्ट बायने हे उगाच केलं नव्हतं. या पद्धतीला गिऱ्हाईक कंटाळलं आहे हे ओळखून 2005 मध्येच त्यांनी जाहीर केलं होतं, की दोन वर्षांत आम्ही मेल-इन रिबेट बंद करू. 2006 मध्ये ऑफिसमॅक्सनेही ती बंद केली. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या दोन राज्यांत तर कायदाच आहे. रिबेट वजा केलेली किंमत दुकानदाराने जाहिरातीत छापली, तर तेवढीच किंमत गल्ल्यावर घ्यायची.

आणखी एक बारीक हिशेब. विक्रीकर अनेक राज्यांत गल्ल्यावर भरलेल्या किमतीवर लागतो. समजा कर आठ टक्के आहे. 300 वर 24 डॉलर, 200 वर 16. टपालाने 100 डॉलर परत आले तरी करातले जास्तीचे 8 परत येत नाहीत. म्हणजे शंभराची सूट हातात पडेपर्यंत ब्याण्णवची होते. त्यातून झेरॉक्स आणि टपालखर्च वजा करा. बाईच्या वेळाचा हिशेब तर कोणी धरतच नाही.

मला वाटतं, इतिहासात शोधायची गोष्ट हीच. हिरवी तिकिटं चिकटवणारी बाई असो किंवा बारकोड कापणारी आमची नणंद, सूट म्हणून जे दिलं गेलं तो बऱ्याच अंशी कारकुनी कामाचा मोबदला होता. काम नीट केलं तर मजुरी, एका खाडाखोडीत ती रद्द. आणि ज्या घरात आजारपण आहे, बाळंतपण आहे, तिथली मजुरी हमखास बुडणार. ज्यांना पैशांची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच हातून मुदत निसटते.

आता काय?

मार्च 2013 मध्ये टी-मोबाईलने दोन वर्षांचे करार बंद केले. फोनची पूर्ण किंमत वेगळी आणि सेवेचं भाडं वेगळं, अशी विभागणी सुरू झाली. हळूहळू इतरांनीही ती वाट धरली. टपालाचं पाकीट जवळजवळ गेलं. पण सूट लगेच हातात येऊ लागली असं समजू नका. आता 'फुकट' फोनची सूट महिन्याच्या बिलातून, 24 किंवा 36 हप्त्यांत वळती होते. समजा फोन 800 डॉलरचा आहे. दरमहा सुमारे 22 डॉलर बिलात वजा होतात. विसाव्या महिन्यानंतर कंपनी बदलायची म्हटली, तर उरलेले साडेतीनशे डॉलर आपण भरायचे. पूर्वी विसराळूपणावर पैज होती, आता एकाच जागी बांधून ठेवण्यावर आहे.

आपल्याकडे कात्रीचा हा प्रकार रुजला नाही, कारण फोन वेगळा, सिमकार्ड वेगळं, आणि फोनची किंमत दुकानदाराशी बोलून तिथल्या तिथे ठरवायची अशी आपली रीत. पण हल्ली कॅशबॅकच्या रूपाने तोच पाहुणा मागच्या दाराने आला आहे. दोन-तीन महिन्यांनी खात्यात जमा होईल, अमुक कार्डावरच मिळेल, पुढच्या खरेदीतच वापरता येईल. जिथे सूट बिलातच वजा होते तिथे ती खरी सूट. बाकी सगळं वचन.

म्हणून दिवाळीत मुलाला किंवा सुनेला फोन घ्यायला निघालात, तर एकच प्रश्न विचारा: "आज माझ्या हातातून किती रुपये जाणार?" तो आकडा परवडत असेल तर घ्या. नंतर येणारी रक्कम हिशेबात धरू नका. आणि धरायचीच असेल तर पावती, शेवटची तारीख आणि अर्जाची प्रत एका पाकिटात घालून किराण्याच्या यादीशेजारी लावा. कपाटात नको, समोर दिसेल अशा जागी.

नणंदबाईंनी ते चौथं खोकं टाकून दिलं नाही. त्यात त्या आता सुया-दोरे ठेवतात. मी म्हटलं, "वन्सं, पन्नास डॉलरचा डबा झाला हा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणून तर डोळ्यांसमोर ठेवलाय."

तुमच्याकडेही अशी एखादी राहून गेलेली सूट असेल, तर ती का राहिली ते लिहून जरूर कळवा. त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं, तेही लिहा.