मास्तरांचे गुरु

किड्यामुंग्यांचा धडा म्हटला म्हणजे चित्र दाखवावें, पायांची संख्या घोकून घ्यावी आणि पुढच्या धड्याकडे वळावें, ही रीत आपल्या परिचयाची आहे. कीटकसृष्टीचें वाङ्मय ज्यानें जगभर लोकप्रिय केलें, त्या झाँ आंरी फाब्र या फ्रेंच शिक्षकानें हा धडा प्रथम घेतला तो मात्र आपल्याच विद्यार्थ्यांपासून.

१८२३ सालीं एका गरीब शेतकरी घराण्यांत जन्मलेला फाब्र १८४२ मध्यें कार्पांत्रा येथें प्राथमिक शिक्षक झाला. मे महिना लागला कीं आठवड्यांतून एकदां तो मुलांना जमीनमोजणी शिकविण्यासाठीं गांवाबाहेरच्या माळावर नेई. परंतु खुंट रोवावयास पाठविलेला मुलगा मध्येंच वांकून गोटा उचली, आणि सांखळी धरणारा हातांतलें काम टाकून गवताची काडी चोखीत बसे! चौकशी करतां उलगडा झाला कीं एक काळी मोठी माशी गोट्यांवर मातीचीं घरटीं बांधते आणि त्यांतला मध हीं मुलें काडीनें ओढून घेतात. (आपल्या भिंतींच्या कोपऱ्यांत मातीचें घर करणारी कुंभारीण हिचीच दूरची नातलग, मध सांठविण्याची विद्या मात्र तिला नाहीं.) दुसऱ्या एखाद्या मास्तरानें छडी उगारली असती. फाब्रनें मोजणी बाजूला ठेविली आणि तोहि काडी घेऊन बसला. पुढें त्या माशीची माहिती मिळावी म्हणून त्यानें एका महिन्याचा पगार खर्चून कीटकशास्त्राचा एक ग्रंथ विकत घेतला.

या वृत्तीची किंमत त्याला आव्हिन्यों येथें द्यावी लागली. शिक्षणमंत्री द्युरुई यानें १८६७ पासून मुलींसाठीं जे वर्ग सुरू करविले, त्यांत फाब्र शिकवीत असे. वीज कशी चमकते, कोळसा कां जळतो आणि फुलांत फलधारणा कशी होते, हें तो मुलींना सांगे. या शेवटच्या गोष्टीनें धर्मनिष्ठ मंडळी खवळली. ज्या घरांत तो राहत होता त्याच्या मालकिणी दोन वृद्ध कुमारिका होत्या. भाडेपट्टा लेखी नव्हता, तेव्हां महिन्याभरांत घर सोडण्याची सूचना आली. ज्या मिलचे ग्रंथ आपल्या आगरकरांनीं आवडीनें अभ्यासिले, तो जॉन स्टुअर्ट मिल त्याचा स्नेही होता; त्यानें तारण न मागतां तीन हजार फ्रँक उसने दिले. फाब्र ओरांजला गेला आणि मुलांसाठीं शास्त्रीय क्रमिक पुस्तकें लिहून कुटुंब पोसूं लागला.

तेथें त्याचा मुलगा ज्यूल त्याचा सर्वांत उत्साही सोबती होता. किडे व फुलें शोधण्यांत त्याची नजर फार तीक्ष्ण होती. १८७७ मध्यें, वयाच्या सोळाव्या वर्षीं, तो वारला. फाब्रच्या कीटकविषयक ग्रंथमालेचा पहिला खंड १८७९ मध्यें निघाला. दहावा निघण्यास १९०७ साल उजाडलें. त्या पहिल्या खंडांत नव्या म्हणून वर्णिलेल्या तीन शिकारी गांधीलमाशांना बापानें आपल्या मुलाचें नांव दिलें आहे.