सैनिकी मानसोपचारकांचे आघातोपचार-प्रशिक्षण

युद्धातील जीवघेण्या अनुभवांनंतर जडणाऱ्या आघातोत्तर ताणविकारावर (पीटीएसडी) कसोटीला उतरलेले उपचार करता यावेत, म्हणून सैन्यदलांतील मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ व समाजकार्यकर्ते यांना दिले जाणारे प्रशिक्षण. याची मोठी व्यवस्था अमेरिकेत उभी राहिली. तेथील मनोविकार संघटनेने हा विकार १९८० मध्ये निदानपुस्तिकेत नोंदवला होता. मात्र इराक व अफगाणिस्तानातून सैनिक परतू लागले, तेव्हा उपचार उपलब्ध असूनही ते जाणणारे उपचारक अपुरे पडले. २००६ मध्ये बेथेस्डा येथील सैनिकी वैद्यकीय विद्यापीठात ‘सेंटर फॉर डिप्लॉयमेंट सायकॉलॉजी’ स्थापन झाले. माजी सैनिकांच्या खात्यानेही त्याच सुमारास देशभर प्रशिक्षण सुरू केले.

मुख्यतः शिकवल्या जाणाऱ्या दोन्ही पद्धतींची पहिली परीक्षा छावणीत नव्हे, बलात्कारपीडित स्त्रियांवरील उपचारांत झाली, हे विशेष. एड्ना फोआ यांच्या ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’मध्ये रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडत असल्यासारखा, वर्तमानकाळात, पुन्हापुन्हा सांगतो, उपचारक मधूनमधून अस्वस्थतेचा आकडा विचारतो, शून्य ते शंभर. या कथनाचे ध्वनिमुद्रण रुग्णाने घरी ऐकायचे असते. पॅट्रिशिया रेसिक यांच्या ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’त साधारण १२ बैठका होतात. ‘मी सावध असतो तर तो वाचला असता’ अशा मनात रुतलेल्या समजुती त्यांत लेखी तक्त्यांवर तपासल्या जातात.

कार्यशाळा काही दिवसांचीच. तेवढ्यात पद्धत कळते, पण हात बसत नाही. समोरचा जवान थरथरू लागला की नवखा उपचारक नकळत विषय बदलतो, आणि नेमका सर्वांत दुखरा क्षण सांगायचा राहून जातो. म्हणून खरे शिक्षण कार्यशाळेनंतरचे: प्रत्यक्ष रुग्णांच्या बैठका मुद्रित करायच्या आणि अनुभवी मार्गदर्शकाने त्या ऐकून चुका दाखवायच्या. हा टप्पा गाळलेले प्रशिक्षण प्रमाणपत्रापुरतेच उरते.

वेळापत्रक ही दुसरी अडचण. ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ची बैठक ९० मिनिटांची; गर्दीच्या लष्करी दवाखान्यात तेवढा सलग वेळ मिळणे कठीण. शिवाय बदली वा मोहिमेमुळे उपचार अर्धवट सुटतात. टेक्सासमधील फोर्ट हूड येथे ३७० सैनिकांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच पद्धतीच्या दहा बैठका दोन आठवड्यांत उरकल्या. आठ आठवड्यांत विखुरलेल्या दहा बैठकांपेक्षा त्यांचा गुण कमी ठरला नाही.