सुप्याहून एका रात्रीत फारसी मुलखात

मोबाइल बंद करून गाडीत ठेवा. घड्याळही काढा. पाकीट सोबत घ्यायची गरज नाही, कारण आपण जातोय तिथे गांधीजींची नोट कोणी ओळखणार नाही. बुटांऐवजी वहाणा घाला आणि डोक्याला मुंडासं गुंडाळा. वैशाखाचं ऊन आहे आणि बोडक्या डोक्याने कोणी घराबाहेर पडत नाही. आता सुप्याच्या चौकात, नगर-पुणे रस्त्याच्या कडेला उभे राहा. समोरून एमआयडीसीकडे वळणारे कंटेनर जातायत, मागे कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतायत. डोळे मिटा.

आधी हॉर्न थांबतात. मग डिझेलचा वास विरतो आणि त्या जागी शेण, तापलेली माती आणि घामेजल्या जनावरांचा वास नाकात शिरतो. पायाखालचं डांबर नाहीसं होऊन घोट्यापर्यंत फुफाटा लागतो. डोळे उघडा. साल 1584. एवढा एकच आकडा लक्षात ठेवा, बाकी सनावळीची कटकट नको. कोणी इतिहासप्रेमी भेटला आणि म्हणाला, की भोसल्यांच्या जहागिरीतलं सुपं ते हेच, तर नम्रपणे सांगा, ते बारामतीकडचं. शिवाय शहाजीराजे अजून जन्मायचेत.

कवड्या डोंगर बोडका आहे. त्याच्या पायथ्याकडून घंटांचा आवाज येतोय. लमाणांचा तांडा आहे, पाठीवर मिठाच्या गोण्या लादलेले बैल एकामागून एक रांगेत येतायत. त्यांच्या मागे थोडं अंतर राखून घोडे आहेत आणि आपल्याला जायचंय ते या घोड्यांबरोबर. समुद्रापलीकडून, इराणच्या आखातातून जहाजाने ते चौलला उतरलेत. दर्यावर काही मेले, घाट चढताना काही लंगडले. उरले त्यांच्या अंगावर जाड झुली आहेत आणि प्रत्येकामागे एक मोतद्दार चालतोय. गपचूप एका मोतद्दाराच्या हातातला चाऱ्याचा भारा घ्या. फुकट राबणाऱ्याला या जगात कुठल्याच शतकात कोणी हटकत नाही.

सौदागर घोड्यावर पुढे आहे. दाढी मेंदीने लालसर रंगवलेली, अंगात लांब झगा. कमरेला चामडी पिशवी आहे आणि दर वीस पावलांनी त्याचा हात तिच्याकडे जातो. बोलतो फारसीत, शिव्या मात्र दख्खनीत देतो. चौलपासून इथवर येताना तेवढं तो शिकलाय. उन्हात घोडे हाकत नाहीत, म्हणून सगळे सूर्य कलायची वाट बघत बसलेत. भाकरी सुटते. ज्वारीची जाड भाकरी, फोडलेला कांदा, जवसाची चटणी. मिरचीची वाट बघू नका, इथे तिखट म्हणजे मिरी आणि आलं. चहाची तलफ आली तरी दम धरा. तंबाखूची आली तर आणखी मोठा दम धरा, दख्खनच्या दरबारात पहिला हुक्का पेटायला अजून वीसेक वर्षं आहेत.

अंधार पडतो आणि चाल सुरू होते. आज गाडीने पाऊण तासात होणारा रस्ता आता रात्रभर पुरणार आहे. कामरगावचा घाट उतरताना मशालीचं तेल हातावर ठिबकतं, घोडे फुरफुरतात, कुठेतरी कोल्हा ओरडतो. झोप उडावी म्हणून सौदागर बोलत राहतो आणि बरोबरचा दुभाषा अर्धंमुर्धं सांगत जातो. तो होर्मुझबद्दल बोलतोय. त्या बेटावर मिठाचे डोंगर आहेत, माती इतकी लाल की किनाऱ्याला लाटही लाल होऊन फुटते. झाड नाही, झरा नाही. प्यायचं पाणी शेजारच्या किश्म बेटावरून आणि पलीकडच्या किनाऱ्यावरून होडीने येतं. आणि तरी तिथल्या बाजारात मोती आहेत, रेशीम आहे, घोडे आहेत. मोतद्दार 'खोटं बोलतोय' अशा नजरेने तुमच्याकडे बघतो. तुम्ही मान हलवू नका. पारनेर तालुक्यातल्या माणसाला पाणी बाहेरून येणाऱ्या गावाचं नवल कसलं? फरक इतकाच, की तुमच्याकडे टँकर येतो.

मग तो शिराझच्या बागांबद्दल बोलतो, लार शहराबद्दल बोलतो, आणि कमरेची पिशवी सोडून तुमच्या तळहातावर एक वस्तू ठेवतो. मशालीजवळ धरा. चांदीची तार आहे, काडीएवढी जाड, मधोमध दुमडून केसांतल्या आकड्यासारखी केलेली. दोन्ही टोकं ठोकून चपटी केलीत आणि त्यांवर अक्षरांचा ठसा उमटलाय. दाबून बघा, वाकत नाही. हे नाणं आहे, लारी. लारच्या टांकसाळीतून निघालं, होर्मुझच्या व्यापाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून कोकणच्या बंदरांत रुळलं. गोल नाणं कडेने तासून चांदी चोरता येते. या तारेची टोकं कापली तर ठसाच जातो. सौदागराने हात पुढे केलाय. परत द्या, तो विसरलेला नाही.

पहाट होते तेव्हा चास मागे पडलेलं असतं. आधी धूर दिसतो, मग सीना नदीकाठची झाडी, मग नगरचे घुमट. वाऱ्याबरोबर भाजत्या रोट्यांचा वास येतो आणि त्यात मध्येच चुन्याचा, ओल्या विटांचा वास. या शहरात कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं. रस्ता भरायला लागतो. डोक्यावर भाजीच्या पाट्या घेतलेल्या भिंगारच्या बाया, पखालीतून पाणी शिंपत जाणारा भिस्ती, डुलत येणारा हत्ती आणि त्याच्यापुढे 'हटो' ओरडणारा, उंचपुरा हबशी पहारेकरी. बाजूला व्हा. हत्ती थांबत नाही आणि पहारेकरी माफी मागत नाही.

किल्ल्याजवळून जाताना मान वर करा. तट काळ्या दगडाचा आहे, पुरता काळा पडलेलाही नाही, हुसेन निजामशहाने बांधून घेतल्याला पंचवीस वर्षंही झालेली नाहीत. भोवती खंदक, त्यात म्हशी डुंबतायत असं वाटलं तर नीट बघा, पहारेकऱ्याच्या डोळ्यांसमोर एवढी हिंमत त्यांचीही नाही. जवळच दमडी मशीद आहे. लहानशी, पण दगडावरची नक्षी अशी बारीक की बोट फिरवल्याशिवाय तुमची पावलं पुढे पडत नाहीत. किल्ल्यावर राबलेल्या मजुरांच्या एकेक दमडीतून ती उभी राहिली, असं लोक सांगतात.

सराईत घोडे उतरतात आणि इथे कानांची खरी परीक्षा आहे. एका कोपऱ्यात फारसी, दुसरीकडे दख्खनी, पाणवठ्यावर मराठी, पागेत अरबी. इराणहून आलेल्यांना इथे 'गरीब' म्हणतात, म्हणजे परदेशी. प्रत्यक्षात त्यातले निम्मे तुमच्यापेक्षा श्रीमंत आहेत. दख्खनी शिपाई त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघतात आणि तेही परतफेड करतात. ओट्यावर मात्र एक मराठी कारकून मांडी घालून बसलाय. हातात बोरू, पुढ्यात कागद, आणि घोड्यांचा हिशेब झरझर मोडीत उतरतोय. हुकूम फारसीत सुटला तरी गावच्या पाटलाला तो कळायला हवा ना! म्हणून कारकून सगळ्यांशी गोड बोलतो आणि घाई कुठलीच करत नाही.

सौदा बघा. गिऱ्हाईक घोड्याचे ओठ उचलून दात बघतं, खुरांवर टिचकी मारतं, जनावराला चार पावलं पळवतं. मग सौदागर आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल पडतो आणि दोघं गप्प होतात. रुमालाखाली बोटं चालतायत. एक बोट दाबलं, दोन धरली, पूर्ण मूठ पकडली. गिऱ्हाइकाची भुवई वर जाते, सौदागर मान झटकतो, पुन्हा बोटं. भोवती पन्नास माणसं उभी आहेत आणि भाव एकालाही कळलेला नाही. जनावरांच्या बाजारात तुमचे आजोबा याच भाषेत बैल घ्यायचे. तिला फारसी लागत नाही की मराठी.

दुपार कशी काढायची? सावली धरून. गल्लीत चाललात तर जमिनीखालून पाण्याची सळसळ ऐकू येईल. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आसपासच्या गावांहून खापरी नळांतून पाणी शहरात आणलंय. नळाला हवेसाठी ठेवलेल्या उच्छ्वासापाशी वाका, गार वाफ तोंडावर येते. हौदावर दोन माणसं वाद घालतायत. एक खुरासानमधल्या तुर्शिझचा जुहूरी, दुसरा कुम शहरचा मलिक. दोघंही कवी, दोघंही नोकरीच्या शोधात दख्खनला आलेले. मलिक पुढे जुहूरीला जावई करून घेईल आणि दोघं विजापुरात नाव काढतील. त्यांच्यामागे पुस्तक घेऊन निघालेला पोरगा अस्तराबादचा मुहंमद कासिम असू शकेल. थोरपणी तो फिरिश्ता म्हणून दख्खनचा इतिहास लिहिणार आहे. त्याला आत्ताच काही सांगायला जाऊ नका, पुस्तकात याल.

ऊन उतरलं की फुलांची पाटी उचला आणि माळ्यांच्या मागे फराहबागेकडे चला. राजवाडा आहे, तुम्हाला बोलावणं नाही, म्हणून पाटी खांद्यावरच ठेवा. झाडी संपते आणि समोर पाणी उघडतं. चौकोनी विस्तीर्ण तळं, त्याच्या मधोमध अष्टकोनी महाल. चारी बाजूंनी पाणी, आत जायला एक वाट. काल रात्री ज्याच्या गोष्टी ऐकल्या तसलं बेट, फक्त हे लोकांनी दुष्काळी मुलखात हाताने केलंय. आधी बांधलेला महाल राजाला पटला नाही म्हणून पाडला आणि वजीर सलाबतखानाने तो नव्याने उभा केला, त्याला जेमतेम वर्ष झालंय. गिलाव्याचा वास अजून गेलेला नाही.

आत पाऊल टाका. बाहेर अंग भाजत होतं, इथे घाम क्षणात गार होतो. पाण्यावरून आलेला वारा उंच कमानींतून आत येतो आणि मधल्या घुमटाखाली वर चढतो. हलकं खाकरा, आवाज घुमून परत येतो. गुलाबपाणी, केशर, तूप आणि मागच्या बाजूने कबाबांचा धूर. राजा दिसेल म्हणून माना उंचावू नका, मुर्तझा निजामशहा गेली कित्येक वर्षं लोकांपुढे येतच नाही. त्याच्या एकांताची दुसरी जागा म्हणजे सावेडीकडची हश्त बिहिश्त बाग. तिथेही तळं आणि तळ्यात महाल. दरवानाने विचारलं, फुलं कोणी मागवली? उत्तर नाही ना तुमच्याकडे? मग डोळे मिटा, लगेच.

हॉर्न. डिझेल. आलात परत.

तुम्ही इराणच्या सहलीची जाहिरात बघितली असेल. होर्मुझ, किश्म, शिराझ, इस्फहान, जरूर जा. पण तिथला वाटाड्या इस्फहानचं नक्श-ए-जहान मैदान दाखवेल तेव्हा मनात ठेवा, की फराहबागेत वारा खेळत होता त्या साली ते मैदान आखलंही गेलं नव्हतं. आणि इस्फहानचा हश्त बिहिश्त महाल 1669 चा. नगरची त्याच नावाची बाग त्याच्या दीडेकशे वर्षं आधीची. ताजमहालची कल्पना फराहबागेवरून सुचली, हे नगरकर हौसेने सांगतात, त्याला पुरावा नाही आणि या वास्तूला त्याची गरजही नाही.

आज शहराचं नाव अहिल्यानगर आहे, फराहबागेचं तळं कोरडं आहे आणि महालाचा गिलावा बराच उडालाय. कमानी मात्र उभ्या आहेत आणि वाराही तसाच येतो. पासपोर्ट लागत नाही. पुढच्या रविवारी पोरांना गाडीत घाला, पाण्याची बाटली घ्या, सुप्याहून निघा. घुमटाखाली त्यांना मनसोक्त ओरडू द्या. फक्त भिंतीवर नाव कोरायला निघालेला हात धरा, मग तो तुमच्या पोराचा असो की दुसऱ्या कोणाचा.